मोरपंखी ठिपका

१

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं म्हणतात. माणूस गेला की त्याचे दोष पोटात घालायचे आणि गुण वाढवून सांगायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. रय्यान मणियारच्या वाट्याला मात्र उलटंच आलं. त्याला जाऊन दीड महिना होतो न होतो तोच नाशिकच्या गेम खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर तो चोर ठरला.

मेसेज दिंडोरीच्या दिनेश उगलेचा होता. 'मणियारकडून नवा गेमिंग पीसी बनवून घेतला. गेम अडखळतो, मग सगळंच बंद पडतं. खोलून बघितलं तर पॉवर सप्लाय वापरलेला. नवा सांगून जुना घातला. मित्रांनो, सांभाळून.' खाली अंगठे होते, हसरे चेहरे होते, आणि एका शहाण्यानं लिहिलं होतं, 'मेला म्हणून वाचला.'

रुखसारनं ते दूधबाजारातल्या आपल्या दुकानात काउंटरपाशी उभ्या उभ्या वाचलं. शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि फोन पालथा ठेवला.

दुकान तसं अजबच होतं. अर्ध्या भागात अब्बांच्या काळापासूनची कटलरी, म्हणजे बांगड्या, पिना, नेलपॉलिश. उरलेल्या अर्ध्यात कॉम्प्युटर. अब्बा गेल्यावर रुखसार आणि तिच्या पाठचा रय्यान, दोघांनी ते चालवलं. मशीन जोडायचं त्यानं, बिघाड शोधायचा हिनं. गिऱ्हाईक आत आलं की 'भैया कुठं आहेत' असं हिलाच विचारायचं, आणि भैया आतून ओरडायचा, 'बिघाड असेल तर आपाला दाखवा, मला काही कळत नाही.'

न खपलेल्या नेलपॉलिशचा त्यानं भलताच उपयोग शोधला होता. मशीन जोडून झालं की महत्त्वाच्या प्रत्येक स्क्रूवर एक लाल ठिपका द्यायचा. मधे कोणी स्क्रू फिरवला तर ठिपका तडकतो, लगेच कळतं. गिऱ्हाइकाच्या मशीनला लाल, स्वतःच्या मशीनला मोरपंखी. मोरपंखी रंगाची एकच बाटली दुकानात आली होती आणि ती कुठल्याच बाईनं घेतली नव्हती. 'हा रंग फक्त माझा,' असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

त्याचं स्वतःचं मशीन वर घरात होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिनेशचं मशीन दिंडोरीला पोचवून परत येताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. मातीनंतर कधीतरी रुखसारनं त्याच्या मशीनचं बटण दाबून पाहिलं होतं, त्यात फोटो होते म्हणून. ते सुरूच झालं नाही. "त्याच्याबरोबर तेही गेलं," अम्मी म्हणाली. आपला मलमलचा दुपट्टा तिनं त्यावर घातला आणि पुन्हा कोणाला हात लावू दिला नाही.

अम्मीचं, माजिदाबीचं, दुसरं एक दुःख होतं आणि ते मरणापेक्षाही तिला जास्त खात होतं. पोलिसांनी आणून दिलेल्या पिशवीत रय्यानचा डबा होता. तिनं सकाळी भरून दिलेला, झाकणसुद्धा न उघडलेला. "माझा पोरगा उपाशी गेला," एवढंच ती म्हणायची, आणि संध्याकाळचं ताट पुढं आलं की दोन घास चिवडून उठायची.

गिऱ्हाइकं तुटली असती तर रुखसारनं बांगड्या विकून दिवस काढले असते. पण उपाशी गेलेला पोरगा चोर म्हणून गेला, हे अम्मीच्या कानावर जाणं तिला परवडणारं नव्हतं. तिनं दिनेशला फोन लावला.

"मशीन घेऊन ये. खोट आमची निघाली तर ग्रुपवर मी स्वतः लिहीन, तुझ्या मेसेजखाली. माझ्या नावानं."

२

दिनेश दुसऱ्याच दिवशी आला. टोमॅटो घेऊन मार्केट यार्डला निघालेल्या पिकअपमध्ये, क्रेटांच्या मधे गोधडीत गुंडाळून त्यानं मशीन आणलं होतं. पोरगा कॉलेजातला, ओठावर नुकती मिसरूड. ग्रुपवर वाघ होता, समोर आल्यावर त्याला रुखसारकडे बघवेना.

"काय होतं नेमकं?" तिनं विचारलं.

"खेळता खेळता अडकायला लागतं, ताई. चित्र थांबतं, परत धावतं, परत थांबतं. मग थोड्या वेळानं काळं. पूर्ण बंद."

"रोज?"

"रोज नाही. कधी चार-चार दिवस एकदम मस्त चालतो. कधी बसलो की लगेच."

"वेळ कुठली?"

"संध्याकाळच. मी कॉलेजवरून आल्यावरच बसतो ना."

रुखसारनं मशीन काउंटरवर मांडलं, दिनेशचाच सगळ्यात जड गेम लावला आणि त्यालाच खेळायला बसवलं. अर्धा तास झाला, एक तास झाला. बांगड्या घ्यायला आलेल्या दोन बायका त्याची लढाई बघत उभ्या राहिल्या आणि कंटाळून गेल्या. चित्र एकदाही अडखळलं नाही. आतलं तापमान तिनं पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवलं होतं, तेही जागचं हललं नाही.

"पण घरी होतं, ताई. आईशप्पथ होतं," दिनेश रडकुंडीला आला. "तुम्हाला वाटेल मी उगाच बदनामी करतो."

"मला अजून काहीच वाटत नाही. बाजूचं झाकण कोणी उघडलं?"

"सनीदादानं. कॅनडा कॉर्नरला दुकान आहे ना त्यांचं. तेच म्हणाले, पॉवर सप्लाय जुना आहे म्हणून."

सनीचं नाव ऐकून रुखसारच्या कपाळावर आठी पडली. सनी एके काळी याच दुकानात कामाला होता आणि उन्हाळ्यात रय्यानशी भांडून गेला होता. आता ज्याच्या मनात राग त्याच्याच हाती मशीन, म्हणजे काय निघायचं ते निघणारच, असं तिला वाटलं. तिनं झाकण काढलं. बाजूच्या स्क्रूंवरचे ठिपके तडकलेले होते, म्हणजे सनीनं उघडलं हे खरं. आत मात्र सगळे लाल ठिपके शाबूत होते. सनीनं पाहिलं, काही काढलं नाही. रुखसारला हायसं वाटलं आणि तिनं विजेरी खाली, मशीनला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायच्या डब्यावर फिरवली.

डब्याच्या कोपऱ्यातल्या बारक्या स्क्रूवर एक ठिपका होता. तो लाल नव्हता. मोरपंखी होता.

३

तिनं दिनेशला काही सांगितलं नाही. मशीन बंद केलं, "दोन दिवसांत घरी येऊन बघते," म्हणाली आणि त्याला वाटेला लावलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून आतल्या स्टुलावर बसून राहिली. मोरपंखी रंगाची बाटली एकच होती. तो डबा रय्यानच्या स्वतःच्या मशीनमधला होता. म्हणजे पोरं म्हणत होती ते खरं होतं. गिऱ्हाइकाला त्यानं वापरलेला माल घातला होता.

माणूस गेल्यावर त्याच्यावर रागवायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी ती कॅनडा कॉर्नरच्या दुकानात गेली तेव्हा सनी तिला बघून खुर्चीतून उठला. "आपा, शिव्या द्यायला आलीस ना? दे."

"आधी विचारायचंय. सप्लाय जुना आहे हे तू सांगितलंस?"

"जुना होता म्हणून सांगितलं. पंख्याच्या पात्यावर धूळ होती. नव्याच्या पात्यावर धूळ कुठून येणार? पण चोर मी म्हटलं नाही. ते त्या पोरानं जोडलं."

"आणि तू ग्रुपवर वाचून गप्प बसलास."

सनीनं टेबलावरचा पेचकस उचलला, परत ठेवला. "बसलो. मला रय्यान सगळ्यांसमोर म्हणाला होता, तुझ्या हाताला सफाई नाही. कब्रस्तानापर्यंत चालत गेलो मी त्याच्याबरोबर, आपा, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मेसेज वाचला तेव्हा एक क्षण बरं वाटलं. नंतर दोन दिवस जेवण गेलं नाही."

रुखसारला त्याचा राग येईना. खरं बोलणाऱ्या माणसावर रागवायला फार ताकद लागते आणि तिच्यात ती उरली नव्हती.

"सप्लाय तू बदललास का, हे विचारायला आले होते," ती म्हणाली. "पण त्याचं मशीन आमच्या घरात, अम्मीच्या डोळ्यासमोर असतं. तिथला माल तुझ्या हाती लागणार कसा. तो त्यानंच घातला."

"जुना असेल, पण खराब नाही हां," सनी पटकन म्हणाला. "दोन दिवस मी ते मशीन पिदडलं. एकदाही अडखळलं नाही. तुझ्याकडे?"

"माझ्याकडेही नाही."

"मग बिघाड मशीनमध्ये नाहीच," सनी म्हणाला. "घरात काहीतरी आहे. नाहीतर घरातलं कोणीतरी करतंय."

४

दिंडोरीच्या रस्त्याला रुखसार दीड महिन्यात गेली नव्हती. ढकांब्याच्या पुढच्या एका वळणावर तिनं नजर समोरच्या ट्रॅक्टरवर ठेवली आणि ते वळण मागं पडेपर्यंत हलवली नाही.

उगल्यांचं घर द्राक्षबागेतच होतं, वेलींच्या ओळी थेट खिडकीपर्यंत आलेल्या. दिनेशचे वडील मल्हारी उगले ओट्यावर बसून पंपाची नळी दुरुस्त करत होते.

"ते खोकं बंद पडतंय तं बरंच हाय, बाई," ते म्हणाले. "पोरगं घटकाभर मानसात तरी येतं. पन म्या त्याला हात नाय लावला, हां. ते चालू कुठून करायचं, ते पन मला ठावं नाय."

दिनेशची आई, छायाबाई, पाणी घेऊन आली. "मी रय्यानची बहीण," असं रुखसारनं सांगताच तिच्या हातातला तांब्या हिंदकळला आणि पाणी ताटलीत सांडलं. ती तशीच आत गेली आणि रुखसार निघेपर्यंत बाहेर आली नाही.

रुखसारनं मीटर लावून वीज तपासली. दाब ठीक, अर्थिंग ठीक. दिनेश हेडफोन चढवून खेळायला बसला, मशीन टेबलाखाली खिडकीच्या बाजूला घुमत राहिलं. उन्हं कलली तरी ना अडखळणं, ना बंद पडणं. दिनेशचा चेहरा पडला. आपलं मशीन नीट चालतंय म्हणून इतकं दुःखी झालेलं माणूस रुखसारनं पहिल्यांदाच पाहिलं.

बिघाड सापडेना झाला की तिची एक सवय होती. मशीनवरची नजर काढायची आणि आसपास लावायची. ती खोली बघू लागली. खिडकीच्या चौकटीवर, घड्याळावर, देवांच्या तसबिरींच्या कडांवर औषधाचा पांढरट थर होता, बोट फिरवलं तर रेघ उठेल असा. बागेशेजारच्या घरात फवारणीच्या दिवसांत हे चालायचंच. पण टीव्ही स्वच्छ होता. धान्याची कोठी स्वच्छ होती. आणि खिडकीला सगळ्यात जवळ असलेला कॉम्प्युटर तर लखलखीत होता. त्याच्या वरच्या जाळीत मात्र बारीक तंतू अडकले होते, फिक्या गुलाबी रंगाचे. तिनं चिमटीनं थोडे काढून रुमालात ठेवले.

"दिनेश, हे पुसतोस तू?"

त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "मी? नाही. आई पुसत असेल. ती सगळंच पुसते."

"शेवटचं कधी बंद पडलं?"

"परवा. तुमच्याकडून आणलं ना, त्याच दिवशी."

ती निघाली तेव्हा मल्हारी पंप गुंडाळून ठेवत होते. "आज नाय मारलं औषध, वारं लय हाय," ते आभाळाकडे बघत म्हणाले. "परवा मारलं तेवढंच. आता उंद्या परवाला बघू."

स्कूटरला किल्ली लावताना दाराआडून हाक आली. "ताई." छायाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. "तुमच्या आई... बऱ्या हायेत ना?"

"आहेत," रुखसार म्हणाली.

छायाबाईनं आणखी काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि ती आत निघून गेली. त्या बाईला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते रय्यानबद्दल होतं, एवढं रुखसारला कळलं.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे इतरांना सांगायला सोपं असतं. रुखसारचा कळसा तिच्याच घरात, कोपऱ्यात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला वर आली तेव्हा अम्मी रय्यानच्या मशीनवरचा दुपट्टा झटकून परत नीट पसरत होती. रोजच करायची. चारही कोपरे सारखे लोंबले पाहिजेत, जाळी दिसता कामा नये, असा तिचा नेम.

"अम्मी, बंदच तर आहे ते."

"धूळ बसते ना. त्याला धूळ चालायची नाही."

रुखसार तिथंच उभी राहिली. मग पुढं झाली आणि दुपट्ट्याचा एक कोपरा वर केला. वरच्या जाळीत बारीक तंतू अडकले होते, मलमलचे, हिरवट. तिनं रुमाल सोडून ते गुलाबी तंतू शेजारी धरले. रंग सोडला तर काही फरक नव्हता.

दिंडोरीचा बिघाड तिला त्या क्षणी सापडला. पण अर्धाच. बिघाडात भावाचा दोष नव्हता, हे कळलं. पण वापरलेला सप्लाय त्यानं घातला होता, ते तसंच उरलं होतं. त्याचं उत्तर या दुपट्ट्याखाली होतं.

"अम्मी, मला हे उघडायचंय."

"नको."

"उघडावंच लागेल."

"नको म्हटलं ना, बेटा. राहू दे त्याचं त्याला."

जे सांगायचं नाही म्हणून ती गावभर फिरत होती, तेच आता सांगणं आलं. "लोक त्याला चोर म्हणतायत, अम्मी. गिऱ्हाइकाला जुना माल घातला म्हणतात. खरं काय ते या पेटीत आहे."

माजिदाबी पलंगाच्या कडेला बसली. मग उठली, तिनं स्वतःच्या हातानं दुपट्टा काढला, त्याची घडी घातली आणि उराशी धरली.

"खोल," ती म्हणाली. "चोर असेल तर मला आधी कळू दे."

रुखसारनं मोरपंखी ठिपके एकेक करून फोडले. ठिपके फुटताना बारीक आवाज होत होता. झाकण निघालं. खाली, जिथं पॉवर सप्लाय असतो, तिथं मोकळी जागा होती. म्हणून ते सुरू होत नव्हतं. मशीन धन्यामागं गेलं नव्हतं, त्याचं काळीजच धन्यानं आधी काढून दिलं होतं.

आणि त्याच मशीनच्या मागं, भिंतीला टेकून, नव्या पॉवर सप्लायचं खोकं होतं. सील न फोडलेलं. रुखसारनं ते उजेडात धरलं आणि त्यावरचा आकडा वाचला. मग ती खाली फरशीवर बसली आणि दीड महिन्यात पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

६

तिनं मल्हारींना फोन करून फक्त पुढची फवारणी कधी ते विचारून घेतलं. त्या दिवशी ती दिंडोरीला गेली, पण घरात शिरली नाही. बागेच्या कडेला लिंबाखाली थांबली. पाहुणी दिसली की घर आवरलं जातं, आणि तिला न आवरलेलं घर बघायचं होतं.

ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू झाला, वेलींवरून पांढरं धुकं उठलं. खिडकी धाडकन लागली. थोडं थांबून रुखसार आत गेली.

दिनेश हेडफोन घालून खेळत होता. टीव्हीवर चादर होती. कोठीवर पोतं होतं. आणि टेबलाखाली मशीनवर जुनं गुलाबी लुगडं घातलेलं होतं, दुहेरी घडी, वरून, मागून, पुढून, हवा शिरायला बोटभर फट नाही असं. पडद्यावरचं चित्र अडखळत होतं.

"आत्ता बघा, ताई," दिनेश म्हणाला. "परत सुरू झालं."

रुखसारनं लुगडं उचललं आणि त्याचा हात धरून जाळीवर ठेवला. त्यानं चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"खेळताना हे तापतं. गरम हवा या जाळीतून बाहेर जायला हवी. ती कोंडली की मशीन आधी वेग कमी करतं, म्हणून अडखळतं. तरी तापतच राहिलं तर जळू नये म्हणून स्वतःच बंद होतं. माझ्या दुकानात लुगडं नव्हतं, सनीच्या नव्हतं. मी परवा इथं आले तेव्हा वाऱ्यामुळं फवारणी नव्हती. आणि फवारणीच्या दिवशी पाहुणा आला असता तरी काकूंनी झाकणं काढून ठेवली असती. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही, आणि बघायला येणाऱ्यापुढं ते नसतं."

दिनेश लुगड्याकडे बघत राहिला. "आई तर सगळ्यावरच घालते औषध मारताना. माझ्या डोक्यातच नाही आलं."

छायाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काकू," रुखसार हळू आवाजात म्हणाली, "हे झाकायला तुम्हाला रय्याननं सांगितलं होतं ना?"

छायाबाई दाराला धरून खालीच बसली. "झाकायला नाय सांगितलं. म्हणला, काकू, ही पावडर आत गेली तं मशीन मरल, एवढं जपा. त्या दिवशी बी शेजारच्या बागेत ब्लोअर चालू व्हता. दिनेश कालेजात, हे मळ्यात, मी एकलीच घरी. आन मंग कळलं, की त्येचं असं झालं. लेकरू जाता जाता माझ्याशी एवढंच बोललं व्हतं, ताई. ते कसं मोडू? म्हनून जपलं. दर फवारनीला जपलं."

"आणखी काय म्हणाला? मशीनबद्दल?"

"म्हणला, आतली एक वस्तू माझी सोताची घातली हाय. तुमची छोटी आली, ती चालायची नाय. दसऱ्याला पूजा अडकाया नको. मोठी आली का बदलून देईन, दिनेशला सांगा. म्या कुनाला काय सांगनार? त्या दिवसाचं नाव काढलं का माझ्या जिवाचं पानी व्हतं."

रुखसारनं पिशवीतून ते सीलबंद खोकं काढून टेबलावर ठेवलं. मागवलेला होता साडेसातशे वॅटचा. खोक्यावर साडेचारशे होतं. पाठवणाऱ्यानं चूक केली होती आणि बदली यायला आठवडा लागला असता. रय्याननं ईदला घेतलेला, घरातला सगळ्यात महागडा डबा स्वतःच्या मशीनमधून काढला आणि दिनेशच्या मशीनमध्ये बसवला. जुना माल घातला, हे खरंच होतं.

दिनेशनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बाहेरून आलेले मल्हारी दारातच थबकले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, परत बांधला.

"बाई, ती वस्तू काढून घेऊन जा तुमची," ते म्हणाले. "आमी दुसरी आनू."

"त्यानं दिलीय, काका. मी कशी परत नेऊ? हा छोटा मी त्याच्या मशीनला लावीन. गेम नाही चालणार, पण सुरू होईल."

ती उठली. छायाबाई अजून खालीच बसली होती. "ताई, तुमाला एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "ते निघालं व्हतं लवकरच. मीच आडवलं. भर दुपारचं बिनजेवता जाऊ नये म्हणून मीच पाट मांडला. मी थांबवलं नसतं तं तो ट्रक यायच्या आधीच ते घरी पोचलं असतं. तुमच्या आईला तोंड दाखवाया मला जागा नाय."

रुखसार तिच्यासमोर फरशीवर बसली. तिनं छायाबाईचे दोन्ही हात हातात घेतले.

"तो जेवला?" तिनं विचारलं. "काकू, तो इथं जेवून निघाला?"

* * *

घरी तिनं छोटा सप्लाय बसवला आणि बटण दाबलं. पंखा फिरला, मशीन गुणगुणू लागलं. रय्यान असताना अम्मी या घरघरीवर रोज करवादायची. आता ती पलंगावर बसून कान देऊन ऐकत होती. फोनवर ग्रुपचे आवाज येत होते. दिनेशनं सगळं लिहिलं होतं, स्वतःच्या चुकीसकट, आणि खाली पहिलं उत्तर सनीचं होतं. रुखसारनं तिला ते वाचून दाखवलं. अम्मीनं मान हलवली. तिला ते कालच कळलं होतं.

"अजून एक आहे, अम्मी. तो उपाशी नव्हता गेला. दिनेशच्या आईनं त्याला जेवायला बसवलं होतं."

माजिदाबीच्या हातातली दुपट्ट्याची घडी तशीच राहिली. "खोटं नको सांगू मला."

"त्यांनीच सांगितलं. डबा म्हणून तसाच राहिला."

"काय होतं जेवायला?"

"बाजरीची भाकरी. उडदाची आमटी. ठेचा."

"ठेचा? त्याला तिखट कुठं चालायचं."

"डोळ्यांतून पाणी आलं म्हणे. तरी परत मागून घेतला."

माजिदाबी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून वाहू लागले, आणि तिनं ते पुसले नाहीत. संध्याकाळी रुखसारनं ताट वाढून पुढं ठेवलं. अम्मीनं भाकरीचा तुकडा मोडला, मग हात थांबवून म्हटलं, "ती बाई, तिला म्हणावं एकदा घरी ये."

आणि ती जेवायला लागली.